दुरून छान दिसणारी पाटी

ती. दादांस,

साष्टांग नमस्कार. (फक्त कागदावरच! कंबर अशी धरली आहे, की चपलासुद्धा बायकोच्या दयेवर आहेत. कारण खाली येतंच आहे.) तुमचा खोकला गेला का? वहिनींचा गुडघा काय म्हणतो?

तर तुमच्या बहिणीनं अखेर स्वतःचं शिवणकामाचं दुकान थाटलं. सख्खा भाऊ पेंटर, तरी पाटी हट्टानं स्वतःच रंगवली. त्यात 'कपडे' कलिंगडाएवढं, 'शिवून' लिंबाएवढं, आणि तोवर फळी संपत आल्यामुळे 'मिळतील' मोहरीएवढं. पाटी टांगून तिनं विचारलं, कशी झालीय? इकडे आड तिकडे विहीर! खरं बोलावं तर तिनं जीव ओतलेला, खोटं बोलावं तर माझे कान लाल होतात. मी म्हटलं, दुरून छान दिसते.

झालं! दुरून म्हणजे काय, डोंगर आहे का तो? माझा दंड धरून तिनं मला समोरच्या फुटपाथवर नेलं. इथून? म्हटलं, छानच, पण ऊन डोळ्यांवर येतंय. मग औषधाच्या दुकानापाशी. इथून? म्हटलं, छानच्या जवळपास. (हे मला कुठून सुचलं देव जाणे.) मी मागे सरकतोय, ती पुढे येतेय, औषधवाला गिऱ्हाईक सोडून मजा बघतोय. शेवटी "इथून मात्र अगदी" म्हणेपर्यंत मी कुणाच्या तरी उभ्या सायकलवर उताणा!

तेव्हापासून अबोला. शेवटचं बोलली ते एवढंच, की रविवारी दादा येईल, तो सरळ सांगेल. त्यानं वाईट म्हटलं तर पाटीही उतरवीन आणि दुकानही बंद करीन. दादा, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या काजाबटणांवर मान मोडून तिनं हे उभं केलंय.

आपला,
आडवा पडलेला मेहुणा

ता. क. म्हणून हात जोडतो, रविवारी खरं बोलू नका. आणि 'दुरून' हा शब्द तर अजिबात नको.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी तिनं हे पत्र वाचलं. म्हणाली, पाटी बिघडली हे मला रंग ओला असतानाच दिसलं होतं, तुम्ही कुठवर मागे जाता तेवढंच बघायचं होतं. शिवाय 'मिळतील' वाचायला लोक पायऱ्या चढतात आणि चढल्यावर लाजेकाजेस्तव आत येतात, तेव्हा दुकान कसलं बंद करतेय! दादा, तुम्हाला तिचा निरोप: ब्रश आणू नका, वहिनींचे शिवायचे कपडे आणा. माझा जीव भांड्यात पडला आणि त्या भरात मी म्हणून गेलो, की खरं सांगायचं तर पाटी भयंकरच आहे.

रविवारी येताना माझ्यापुरता डबा आणा.