उसना आवाज

सोमवार, ८ जानेवारी

पोचले एकदाची! बसमधून उतरताना पिशवीचा बंद तुटला, सगळं सामान फुटपाथवर पसरलं, आणि तरी मला हसूच येत होतं. नवी नोकरी, स्वतःची खोली, खिडकीत ऊन. निघताना ताई म्हणाली होती, परक्या घरात करमणार नाही, रोज चार ओळी लिहीत जा. म्हणून ही वही. चार ओळींत माझं भागत नाही हे तिलाही ठाऊक आहे. घरी मला सगळे रेडिओ म्हणतात. एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण सापडत नाही.

घर सहाव्या मजल्यावर. काम म्हणजे आजोबांना सांभाळायचं. त्यांची नजर जवळजवळ गेली आहे, उजेड-अंधार तेवढा कळतो. बाकी माणूस खणखणीत. जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं. म्हणाले, सगळ्या गावाला डोळे वाटले आणि स्वतःसाठी ठेवायचे विसरलो! आणि स्वतःच खो खो हसले. आमचं जमणार.

त्यांची लेक परदेशात असते. तिनं घरभर बोलणारे डबे बसवले आहेत, प्रत्येक खोलीत एक. मुठीएवढा, कडेला निळा दिवा. वेळ विचारा, गाणं लावायला सांगा, कुणाला फोन लावायला सांगा, सगळं करतो. आजोबा त्याला पोपट म्हणतात. लेकीनं फोनवरून सांगून माझ्याकडून काही वाक्यं म्हणवून घेतली, म्हणजे पोपट माझा आवाज ओळखेल. आजोबा म्हणाले, झालं, आता ह्याला तुझी बोली लागली.

बुधवार, १० जानेवारी

रुळले. सकाळी आजोबांची दाढी, आंघोळ, मग हात धरून व्हरांड्यात फेऱ्या. दाढी करताना ते गाल फुगवतात आणि मध्येच बोलायला लागतात, मग मी ओरडते. माझं ओरडणं त्यांना आवडतं. म्हणतात, आधीची बाई कामाला चोख होती, पण घशात बोळा कोंबल्यासारखी गप्प. सुरुवातीला बोलायची म्हणे, मग हळूहळू कमी कमी होत गेली.

माझ्या मोबाइलला इथे रेंज येत नाही. लेकीनंच तोडगा सांगितला: मोबाइल पोपटाला जोडून टाक. जोडला. आता माझी चिमणी शाळेतून आली की मी कणीक मळता मळता, हात भरलेले असतानाही तिच्याशी बोलू शकते. आज तिनं वर्गातल्या भांडणाची अख्खी कहाणी सांगितली, मग मी तिला हत्तीच्या गोष्टीचा पुढचा भाग सांगितला. सहा वर्षांच्या पोरीला ताईकडे ठेवून आले, रोज गोष्ट तरी चुकायला नको. तिचा बाप परत यायचा नाही हे आता तिलाही समजलंय. तिला आई तेवढी आहे, आणि आईचा हा आवाज.

सोमवार, १५ जानेवारी

आज आजोबांनी गोंधळात टाकलं. मी गच्चीवर कपडे वाळत घालून आले, तर म्हणाले, मघाशी सांगत होतीस ती हत्तीची गोष्ट पुरी कर. मी म्हटलं, मी तर वर होते. ते म्हणाले, चल, आंधळ्याला फसवू नकोस, इथेच बसून अर्धा तास बोलत होतीस. वय झालंय, असं व्हायचंच. पण हत्तीची गोष्ट मी त्यांना कधी सांगितलीच नाही. ती मी स्वतः रचलीय, फक्त चिमणीसाठी.

आणखी एक. भाजी घेऊन येताना इमारतीच्या दारात एका बाईनं मनगट धरलं. कपडे चांगले, केस पिंजारलेले. तोंड उघडून काही सांगत होती, पण नुसता वारा. शब्द नाही, घोगरेपणाही नाही. स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं, मग वर बोट दाखवलं, आमच्या मजल्याकडे. भूक लागली असेल म्हणून मी केळी दिली. तिनं ती घेतली नाही. माझ्याकडे बघत रडायला लागली.

गुरुवार, १८ जानेवारी

जिन्यातच ऐकू आलं. लिफ्ट बंद होती, चढत होते, आणि दाराआडून माझा आवाज. माझाच. माझं ते वाक्याच्या शेवटी हेल काढणं, माझं हसताना नाकातून फुर्र होणं. आजोबांना विचारत होता, पाय चेपून देऊ का, दुखतायत का. किती मायेनं विचारत होता! पिशवी हातात घेऊन मी तशीच उभी राहिले, जणू आत कुणी पाहुणी बसलीय आणि मध्येच शिरणं बरं नव्हे.

किल्ली फिरवली तसा आवाज थांबला. आत आजोबा एकटे, खुशीत. म्हणाले, आता कुठे गेलीस?

लेकीला फोन केला. विचारलं, हा डबा माणसाच्या आवाजात बोलतो का? ती म्हणाली, छे, त्याचा एकच ठरलेला आवाज असतो. मग म्हणाली, तुमचा घसा बसलाय का? काल तर छान बोलत होतात, पुढची दोन वर्षं इथेच राहीन म्हणालात, मला किती बरं वाटलं.

काल मी तिच्याशी बोललेच नाही.

शनिवार, २० जानेवारी

घसा खरंच बसलाय. गरम पाणी, मध, सगळं झालं. दुखत नाही, खवखवत नाही. नुसता आवाज कमी होतोय, कुणी बटण फिरवत असल्यासारखा.

शेजारच्या बाईंकडे लिंबू मागायला गेले होते. त्या परिचारिका होत्या, आता निवृत्त. म्हणाल्या, बरं झालं आजोबांना दोघी मिळाल्या. दोघी कुठल्या, मी विचारलं. म्हणाल्या, तू आणि आधीची. रोज दुपारी तुम्हा दोघींच्या गप्पा भिंतीतून ऐकू येतात की! तिचा आवाज मी विसरेन का, किती वर्षं ऐकलाय.

मी विचारलं, आधीची बाई दिसायला कशी होती. त्यांनी सांगितलं.

केळी न घेणारी बाई.

सोमवार, २२ जानेवारी

आज पोपट भिंतीवरून काढले. सगळे. तारा ओढल्या, निळे दिवे विझले, खोक्यात भरून शेजारच्या बाईंकडे ठेवून आले. घर शांत झालं.

आजोबांना जेवायला वाढलं. घास पुढे केला तर त्यांनी तोंड फिरवलं. विचारलं, कोण आहे? मी नाव सांगितलं, म्हणजे सांगायला गेले, कुजबुज बाहेर आली. ते घाबरले. हातानं मला चाचपून ढकललं. म्हणाले, तिला बोलवा. माझी मुलगी येईपर्यंत मला सांभाळणारी, ती बोलकी, तिला बोलवा. मी त्यांचा हात माझ्या गालावर ठेवला. त्यांनी चटका बसल्यासारखा मागे घेतला. ह्या हातांनी रोज त्यांची दाढी करते मी. पण त्यांच्या लेखी मी म्हणजे फक्त आवाज, आणि तो माझ्याकडे उरला नाही.

मंगळवार, २३ जानेवारी

मोबाइल हातात घेऊन खिडकीत गेले. तिथे थोडी रेंज मिळते. घरी फोन लावला. ताईनं उचलला. मी जीव खाऊन बोलले. ताई हॅलो हॅलो करत राहिली. मग म्हणाली, कोण हे, नुसता श्वास कसला ऐकवताय? मागून चिमणीनं विचारलं, मावशी, आई का? ताई म्हणाली, नाही गं, आईशी आत्ताच नाही का बोललीस तासभर.

तासभर.

पोपट तर खोक्यात बंद —

बुधवार, २४ जानेवारी

निघतेय. आजोबांना वाऱ्यावर सोडायचं नाही म्हणून शेजारच्या बाईंना हाताला धरून घेऊन आले. त्या आत आल्या आणि हसल्या. म्हणाल्या, वा, आज गप्पा रंगल्यात.

माझा मोबाइल टेबलावर होता. त्यातून दोघं बोलत होते. मी आणि आजोबा. आजोबांचा तो खो खो हसण्याचा आवाज, डोळे वाटले म्हणणारा. आणि आजोबा खुर्चीत बसलेले, ओठ मिटलेले. गालांवरून पाणी ओघळतंय. तोंड उघडायचा प्रयत्न करत होते —

बाईंनी पाहिलं. त्यांना कळलं. एक शब्द बोलल्या नाहीत, बरं केलं. आजोबांना आपल्या घरी घेऊन गेल्या. मोबाइल मी बादलीत टाकला. पाण्यातून बुडबुडे आले आणि माझं हसणं. नाकातून फुर्र.

शुक्रवार, २६ जानेवारी

घरी. चिमणी धावत आली, मिठी मारली, मग मान वर करून वाट बघत राहिली. मी काही बोलेन म्हणून. मी तिचे पापे घेतले. तिनं विचारलं, आई, तू बोलत का नाहीस? रागावलीस?

डॉक्टरांनी घसा तपासला. म्हणाले, सगळं ठीक आहे, आवाज यायला हवा.

ताईला ही वही वाचायला दिली. वाचून म्हणाली, तुला ताप चढलाय, मनाचे खेळ आहेत. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मी तिच्या समोर बसलेले. तिनं उचलला, ऐकलं, माझ्याकडे बघितलं. तोंडावरचा रंग उतरला. फोन बंद करून पिठाच्या डब्यात खोल खुपसला.

आता तिला पटलं. दोघी एकमेकींना धरून बसलो. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

रविवार, २८ जानेवारी

चिमणी माझ्यापासून लांब लांब. गोष्ट सांग म्हणाली, मी हत्तीचं चित्र काढून दाखवलं. म्हणाली, असं नको. ऐकू येणारी आई हवी.

काय करू. हे कुठे मांडू —

सोमवार

सकाळपासून चिमणी दिसली नाही. आतल्या खोलीत पलंगाखाली कुजबुज.

पिठाचा डबा उघडा. फरशीवर छोट्या छोट्या बोटांचे पांढरे ठसे —

किती वेळ बोलत होती? काल रात्रीपासून? परवापासून?

ओढून बाहेर काढली. हसतेय माझ्याकडे बघून. तोंड उघडं, खांदे हलताहेत, पोट हलतंय. आवाज नाही. काहीच नाही. आणि हसू येतंय ते पलंगाखालून. तिचंच. मग माझा आवाज तिला म्हणतो, शहाणी गं माझी बाय —

चिमणीनं गळ्यावर हात ठेवला. आता तिला कळतंय. माझ्या कुशीत शिरलीय —

ताई स्वयंपाकघरात आहे. हे तिच्यासाठी लिहितेय, मला दुसरं काही करता येत नाही. पलंगाखालून चिमणी मावशीला हाक मारतेय. मावशी, मावशी, इकडे ये ना —

ताई, उत्तर देऊ नकोस. एक शब्दही नको. ती चिमणी नाही. चिमणी इथे आहे, माझ्याजवळ —

ताई म्हणाली, आले गं राणी —

आली. माझ्या खांद्यावरून वाचतेय. काय झालं विचारतेय, ओठ हलताहेत, विचारतेय, पुन्हा विचारतेय, आणि पलंगाखाली आता तिघी —