कॉम्प्युटर बंद होत नाही

मिरकरवाडा, रत्नागिरी
फेब्रुवारी २००५

प्रिय मितेशदादा,

मेलना उत्तर देत नाहीस, म्हणून कागद घेतला. मस्कतला बसून ‘लागली रुपालीची कटकट’ म्हणशील. म्हण, पण शेवटपर्यंत वाच.

आधी तुझ्या लाडक्या मशीनची बातमी. नव्याण्णव साली तू जोडलेलं ते धूड अजून जिवंत आहे, मच्छीमार सोसायटीची पत्रं मी त्याच्यावरच टाइप करते. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स नवं केलं आणि घात झाला. बंद कर म्हटलं की सगळं शिस्तीत आवरतं, पडद्यावर ‘पॉवर डाउन’ उमटतं, आणि आतला पंखा आपला घरघरतच राहतो. रीस्टार्ट करावं तर तिथंही अडतं. बटण दाबून मशीन मारायचं नाही, हा तुझा दम मी अजून पाळते. ते तुझ्या खोलीत तसंच चालू ठेवलं आणि सोसायटीत गेले.

दुपारी येऊन बघते तर तुझ्या खोलीच्या दाराशी ताट झाकून ठेवलेलं. भात नि बांगड्याचं तिखलं! आईची नजर आता पुरती गेली रे, साखरेनं खाल्ली. चाचपडत रांधलंन होतं. मला म्हणाली, हळू बोल गो, तो कामात आहे. आत नुसता पंखा घरघरत होता. बाबा गेले तेव्हा तू आला नाहीस, तेव्हापासून ती तुझं नाव घेत नव्हती. मला वाटायचं, रागावलीय. कसला राग नि कसलं काय!

मग मी हट्टाला पेटले. मॉडेम काढून पाहिला, एकेक प्रोग्राम बंद करून पाहिला, शेवटी नेटवर परक्या माणसांना विचारलं. मशीनच्या आतल्या मुख्य बोर्डावरची तारीख जुनी, म्हणून नवं लिनक्स त्याच्या वीज तोडण्याच्या सोयीवर भरवसाच ठेवत नव्हतं. सुरू होतानाच्या ओळीत ‘एसीपीआय फोर्स’, म्हणजे ती सोय वापरच, असे शब्द घातले आणि मशीन आपण होऊन गप्प झालं. मी आनंदानं टाळी वाजवली. वळून बघते तर आई दाराशी, भिंत धरून उभी. गेला का गो, एवढंच विचारलंन. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी ते शब्द पुसून टाकले. पंखा पुन्हा घरघरतोय.

तिला वेड लागलं असं समजू नकोस. काल मला जवळ बसवून म्हणाली, पंखा आहे ते कळतं मला, पण राहू दे, घरात कुणी असल्यासारखं वाटतं. बाबांच्या वेळी तुला रजा मिळाली नाही, हेही तिला ठाऊक आहे. तोंड दाखवायला तूच घाबरतोस, दादा. मशीन दुरुस्त करायला मला येतं, पण मी करणार नाही. तू ये. तिच्यासमोर बसून जेव, आणि मग तुझ्या हातानं ते बंद कर.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
रुपाली