गालिच्याखालचा ताल

प्रिय भिंगरी,

काल सकाळी नृत्यशाळेचं सभागृह झाडून झालं आणि दारापाशी उचकटलेला गालिच्याचा कोपरा चिकटवायला मी गुडघे टेकून बसलो. पलीकडे ढोलवाले काका हात मोकळा करत होते. एकाएकी माझ्या एका गुडघ्यात झिणझिण्या आल्या. म्हटलं, झालं, वय बोलायला लागलं! पण गालिच्यावरचा दुसरा गुडघा ढिम्म. जागा बदलून पाहिली. उघड्या लाकडावर ढोल थेट हाडात शिरत होता. गालिच्यावर काहीच नाही. डिंकाचा डबा कलंडला, सगळा सांडला, तरी मी तसाच बसून.

लहानपणी तू माळ्याच्या फळ्यांवर नाचायचीस आणि मी खालून खांबावर थाप द्यायचो. ऐकू न येणारी पोर एक ठोका चुकायची नाही. आई ओरडायची, बापलेक मिळून घर पाडा एकदाचं! आणि इथे शाळेत वर्षभर नाचाच्या बाईंचं एकच पालुपद, मेहनती आहे, पण ताल कच्चा. नाचाच्या निवडीत तुला वगळलं, तू मावशीकडे गेलीस. आता पत्रात शिवणकामाचं लिहितेस, नाचाचं अक्षर नाही. मी रोज देवाला म्हणत होतो, पोरीच्या पायांत ताल घाल. देवाने तो कधीच घातला होता गं. वर गालिचा आम्ही घातला.

तुला कळलं नसेल, असं कसं होईल? मग गप्प का राहिलीस? विचार करता करता आठवलं. तुझ्यासारख्या मुलींच्या पायांना लागू नये म्हणून शाळेच्या समितीने हा गालिचा आणला होता, आणि फीत तुझ्याच हातून कापून घेतली होती. सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या.

बाईंना सांगितलं तर आधी हसल्या, "दादा, आता तुम्ही नाच शिकवणार का?" मग चपला काढून दोन्हीकडे उभ्या राहिल्या. ढोल थांबला तरी हलेनात. शेवटी म्हणाल्या, "आणि मी तिलाच बोलत राहिले हो."

सोमवारी पुन्हा निवड आहे. बाईंनी तुझं नाव घातलंय. समितीची बैठक त्यानंतर, तोवर गालिच्याला हात लावायचा नाही असा निरोप आला. रात्रभर तळमळलो. आज पहाटे देवाला हात जोडले, पक्कड घेतली आणि सगळा गालिचा उपटून अंगणात टाकला. फळ्या धुऊन पुसल्यात. तू ये.

तुझाच,
बाबा