मामांच्या डबागाडीचं मागचं दार

तीर्थरूप मामांस,

दात-ओठ खात साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? तुमची प्रकृती विचारत नाही. काल ती ठणठणीत होती, कारण तुम्ही पुढे बसला होता.

मी मागे होते. मुलाखतीला निघालेली, नवा पांढरा शर्ट घातलेली तुमची सख्खी भाची पावाच्या रिकाम्या क्रेटवर बसली होती (पुढची सीट मामींच्या गुडघ्याला दिली, त्याबद्दल तक्रार नाही), आणि निघताना तुम्ही मागचं दार सताड उघडून दोरीने बांधून ठेवलंत. का, तर आत सायलेन्सरचा वास येतो, दार उघडं असलं की धूर मागच्या मागे पळून जाईल! मामा, धूर तुमचं ऐकत नाही. तुमची गाडी म्हणजे चाकं लावलेलं कपाट. वारा तिच्या बाजूंनी आणि टपावरून सरळ येतो, मागच्या कडेला पोचतो, आणि तिथे त्याला काटकोनात वळता येत नाही, म्हणून तो तसाच निघून जातो. गाडीच्या पाठीशी उरतात नुसते भोवरे, आणि मागच्या पत्र्यावरचा दाब कमी होतो. पुढून वारा ढकलतोय, मागे दाबाचा आधार नाही, मग गाडी मागेच ओढली जाणार! तुम्ही मात्र डिझेल लवकर संपतं म्हणून पंपवाल्याला शिव्या घालता. त्याच भोवऱ्यांत धूर गरगरतो आणि उघडं दार दिसलं की घरचा असल्यासारखा आत येऊन बसतो. हे मी किती वेळा सांगितलं! तुमचं उत्तर ठरलेलं, "अगं, वारा पुढून येतो, मागे काय बघायचंय?" पालथ्या घड्यावर पाणी.

मी मधला पत्रा बडवला. तुम्हाला वाटलं, पोरीने गाण्याला ठेका धरलाय. तुम्ही रेडिओ आणखी मोठा केलात.

मुलाखत होती त्या वाऱ्याच्या प्रयोगशाळेत पोचले तेव्हा माझे फक्त दात पांढरे होते. एवढे अर्ज केले, त्यात उत्तर दिलं ते फक्त याच लोकांनी, मामा. ही नोकरी गेली तर पुन्हा शेजारच्या मुलांच्या शिकवण्या. आणि मला विचारलं काय, माहीत आहे? चौकोनी गाडीच्या मागचा दाब! मी फळ्यावर भोवरे काढत होते आणि समोरचे दोन साहेब रुमालात तोंड लपवून हसत होते. मला रडू आलं, तशी काजळी गालांवरून ओघळली. तुम्ही खाली चहा पीत होता. एवढा राग मला जन्मात कोणाचा आला नव्हता. यापुढे त्या गाडीचं नावही काढणार नाही.

तुमची (नाइलाजाने) भाची

ता. क. मामींना पत्र वाचून दाखवाल तेव्हा रागाचा भाग गाळू नका.

ता. क. दुसरा. त्या खोलीतल्या मुख्य बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या बाहीवरून बोट फिरवलं, काजळी निरखली, ती कुठून आली ते माझ्याकडून ऐकलं आणि विचारलं, "ही गाडी कुठे मिळेल?" मागच्या पत्र्यावरचा दाब मोजायला त्यांना अशीच गाडी हवी आहे, त्या दारासकट. सोमवारी गाडी आली तर त्याच दिवसापासून मी कामाला. तेव्हा ती धुऊ नका, दाराला हात लावू नका, आणि तिथे कोणी विचारलं की दार उघडं का ठेवता, तर कृपा करून तोंड बंद ठेवा. गाडी तुम्हीच घेऊन या. मी बसने येते.