चुकीची बाटली

उट्रेख्त, १२ मार्च

प्रिय विबे,

वाढदिवसाचं कार्ड मिळालं. त्यावरची गाय हुबेहूब आपल्या मामीसारखी दिसते, तिला दाखवू नकोस. खोकला कसा आहे? मी मजेत. गेल्या गुरुवारी प्रयोगशाळेत वाढदिवस झाला. जिचा वाढदिवस तिनेच केक आणायचा, म्हणून पहाटे उठून सफरचंदाचा केला.

तुझ्या आतड्याचा तुकडा घेऊन आम्ही इथे वाढवतोय त्या पेशींचं विचारलं होतंस. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत झिजून नवं येतं. ते घडवणाऱ्या मूळ पेशी खळग्यांच्या तळाशी बसतात आणि शेजारच्या पेशी त्यांना सतत सांगत असतात, तुम्ही इतक्यात पिकू नका, नव्या घडवत राहा. हा निरोप थांबला की मूळ पेशीही पिकतात आणि झडून जातात. आमच्या थाळीत या पेशींचे बारीक गोळे वाढतात, पण तिथे तो निरोप पुरेसा पोहोचत नाही, म्हणून आम्ही तो बाटलीतून घालतो.

बघ, किती लांबण लावतेय मी. गुरुवारी दहाला पाच मिनिटं होती. कॉफीच्या खोलीतून हाक आली, "चित्स्के, केक कापायचा की नुसता बघायचा?" आणि घाईत मी तुझ्या थाळीत दुसरीच बाटली ओतली, निरोप नसलेली. सोमवारी पाहिलं तर सगळे गोळे काळे पडले होते. थोडे गोठवून ठेवायचे असतात, तेही मी पुढच्या आठवड्यावर ढकललं होतं. तुझ्या पेशी माझ्या हातून मेल्या, विबे.

शेजारच्या टेबलावरची खेरत्राय म्हणाली, "नमुना रुजलाच नाही असं लिही. कोण विचारतंय?" दोन दिवस मी तेच लिहिणार होते. पण मग तुझं नाव औषधाच्या चाचणीच्या यादीतून गेलं असतं, आणि नवं औषध तुझ्या छातीला लागू पडतं का हे त्या गोळ्यांवरून कधीच कळलं नसतं; दोष आतड्यात आणि छातीत एकच. काल मी चूक नोंदवली. आता तुकडा पुन्हा घेता येईल.

म्हणजे पुन्हा तीच नळी. "खोकला वर, आणि हे लोक शोधतात खाली!" म्हणून तू दवाखाना डोक्यावर घेतला होतास. तुझ्या मागे लागून तुला तयार करणारीही मीच. फार लाज वाटते रे. फोनवर रडले असते, म्हणून लिहितेय.

हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण मंगळवारी नऊला दवाखान्यात ये. तुझ्या पेशींना हात लावायची आता मला परवानगी नाही. तुझा कोट धरून बाहेर बसायची तेवढी तू दे.

मंगळवारी आठपासूनच स्टेशनवर तुझी वाट बघत उभी असणारी,
तुझी ताई
चित्स्के