आकाशपाळण्यातलं हसू

अमरावती, ८ जानेवारी १९५९

शेतकी प्रदर्शनाचे मांडव उभे राहतायत. बियाणं, पंप, खतं. आणि लोक खरोखर ज्यासाठी येणार तो विजेवरचा आकाशपाळणा. आजवर इकडच्या यात्रांत हातानं ढकलायचे लाकडी पाळणे, ढकलणारे दमले की फेरी संपली. हा लोखंडी, मोटरीवरचा. दमणार नाही.

दिव्यांचं नि वायरिंगचं काम अकोल्याच्या वसंतानं घेतलंय. वसंता म्हणजे सौ.चा सख्खा आतेभाऊ. उतरलाय अर्थात आमच्याकडे. आल्या आल्या स्वयंपाकघरात गेला, पाट ओढून बसला आणि म्हणाला, "इंदे, चाय टाक." माझ्या घरात चहा मागताना मी आधी दोनदा खाकरतो.

९ जाने.

सौ. माझ्याशी बोलते ते पुस्तकातल्यासारखं. व.शी बोलताना सरळ मले-तुले. "काहून रे, इतका वाळला तू?" हे वाक्य तिनं माझ्याबाबतीत कोणत्याच भाषेत म्हटलेलं नाही. मी वाळलेलो नाही, हेही खरं.

स्वतःपुरतं टिपून ठेवतो. मामाच्या मुलीवर आतेभावाचा पहिला हक्क, असं आमच्याकडे मानतात. व.च्या आईनं तेव्हा भावापाशी शब्द टाकला होता. सासरे म्हणाले, पोरगा दिवसभर खांबावर चढलेला असतो, मुलगी द्यायची कुठे? मग काव्यतीर्थ झालेला, पाय जमिनीवर असलेला जावई शोधला. तो मी.

व.नं लग्न केलेलं नाही. का, ते विचारलं नाही. न जाणो, सांगायचा.

११ जाने.

पाळणा आज सुरू झाला. सौ.ला बसायचं होतं. मी म्हटलं, माझी पित्तप्रकृती, मान वर करून कौलं पाहिली तरी गरगरतं. "मग मी एकटी बसते," ती म्हणाली.

पाळणेवाला एकट्याला बसवत नाही. दोन्हीकडचं वजन सारखं लागतं म्हणे. "जोडी से बैठो," त्यानं ठणकावलं. सौ.नं माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या पंपाकडे पाहिलं. पंप चांगला होता. तेवढ्यात व.नं हात धोतराला पुसले. "चाल इंदे, मी बसतो."

मी खाली. एका हातात सौ.च्या चपला, एका हातात व.ची पक्कड.

आणि मग वरून ते हसू आलं.

सौ.चं हसू माझ्या ओळखीचं आहे. पदर तोंडाला, आवाज नाही, नुसते खांदे हलतात. हे तसलं नव्हतं. उघडं, मोठं, मध्येच श्वास तुटणारं. पाळणा वर जाताना बंद, खाली येताना सुरू. मला आधी वाटलं दुसरीच कोणी बाई आहे. त्या दुसऱ्या बाईचा मला दोन क्षण हेवाही वाटला, की ही कुठल्या घरची. मग पाळणा दिव्याखाली आला नि दिसलं, आमच्याच.

पाळणेवाला कौतुकानं म्हणाला, "मियाँ-बीवी बहोत खुश हैं. आप इनके बडे भाई?"

मी मान हलवली. उभी की आडवी, आठवत नाही.

१२ जाने.

नागपुराहून संपादकांचं कार्ड. खतांवरचं वार्तापत्र पोचलं, पुरे. वाचकांना पाळणा हवा आहे. माणसं पैसे देऊन भ्यायला का जातात, त्यात कसली गोडी आहे, यावर सविस्तर लिहा.

म्हणजे जे घरी विचारायचं धाडस नव्हतं ते आता कचेरीच्या हुकमानं विचारायचं.

सौ. तीळ भाजत होती. विचारलं.

"वर जाताना काही नाही हो," ती म्हणाली. "अगदी वर गेला की थबकतो ना, तिथे. आता खाली, आता खाली असं होतं. आणि मग खाली येतो तेव्हा आपण येतो, पोट वरच राहतं."

"भीती वाटते?"

"वाटते ना. म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

तिनं कढई उतरवली. "घरात काय कमी भीती असते? दूध उतू जाईल, तुम्हाला उशीर होईल, नागपूरला शिकणाऱ्या पोराला परीक्षेचा पेपर अवघड जाईल. सगळी दुसऱ्यांची. वर असते ती माझी एकटीची. आणि खाली आलं की संपते. अशी संपणारी भीती कुठे मिळते?"

उत्तम वाक्यं. मनात जशीच्या तशी ठेवली. इतक्या वर्षांत हिला मी काही विचारलंच नव्हतं की काय.

१३ जाने.

मैदानावर चौकशी. वलगावचा एक शेतकरी, पागोटं काखेत घट्ट दाबून उतरला. विचारलं, कसं वाटलं?

"वाटते कायचं जी. जीव घशात येते."

"मग पुन्हा रांगेत?"

"खाली आलो का जीव जाग्यावर जाते ना. जागा हाये त्याले, हे तवाच समजते."

घरी येऊन माझी जुनी पोथीविद्या बाहेर काढली. रसांचा हिशेब मांडणाऱ्यांनी भयाला रसांत घेतलं ते याचसाठी. भय खरंच आपलं असेल तर तो नुसता ताप. पण आपण सुखरूप आहोत ही खूणगाठ आत कुठे तरी पक्की असेल तर त्याच भयाला चव येते. पाळण्यात ही खूणगाठ लोखंडी आहे. मांडीवरून आडवा जाणारा दांडा. तो काढला की अपघात, न काढला की आनंद. मधलं अंतर बोटभर.

सिद्धांतावर खूश होऊन व.ला विचारलं, तुम्हाला वर काय वाटलं?

"मले काय वाटन भाऊजी? मी रोजच खांबावर. मी तं इंदूचं थोबाड पाहून हासून रायलो होतो."

सिद्धांताची चव गेली.

१४ जाने. संक्रांत

आज गोड बोलायचं असतं. मी गप्प राहिलो, तेही त्यातच धरावं.

दुपारी हळदीकुंकू. मग सगळ्या बायका मिळून प्रदर्शनाला. परतल्यावर शेजारच्या वहिनींनी मुद्दाम थांबून सांगितलं, "आमची कोणाची हिंमत नाही झाली बाई. तुमच्या ह्या मात्र पुन्हा पुन्हा बसल्या. वसंतराव होते सोबतीला, म्हणून बरं."

बरं कोणाचं, ते सांगितलं नाही.

संध्याकाळी वार्तापत्र लिहिलं. झरझर. सौ.ची वाक्यं घेतली, पोट वर राहण्यासकट. ती एका बाईच्या तोंडी घालून छापणं बरं दिसेना, म्हणून लिहिलं, "प्रस्तुत वार्ताहर स्वतः पाळण्यात बसला असता त्यास असा अनुभव आला की." बडनेऱ्याला जाऊन नागपूर गाडीच्या गार्डाकडे पाकीट दिलं. आम्हा वार्ताहरांत याला पाप मानत नाहीत. पूर न पाहता पूर लिहितो, मंत्री न ऐकता भाषण लिहितो. पाळणा त्यापुढे काय.

१७ जाने.

आलं छापून. तिसऱ्या पानावर, एक शब्द न कापता. असं कधी होत नाही.

व.नं अंक सौ.च्या हातात दिला. "वाच मोठ्यानं." ती वाचू लागली. आधी आवाज छान लागला होता. मग स्वतःचीच वाक्यं भेटत गेली तसा मंद झाला. "प्रस्तुत वार्ताहर स्वतः" इथे थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी अडकित्ता शोधत होतो.

"वाच ना पुढं," व. म्हणाला.

"पुढं खतांचं हाये," असं म्हणून तिनं अंक घडी करून फळीवर ठेवला.

नंतर व. बाहेर गेल्यावर म्हणाली, "एवढी एक गोष्ट माझी होती. तीही तुमच्या नावावर गेली." रागानं नाही. भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तशी. मी म्हटलं, वाक्यं सुंदर होती म्हणून. ती म्हणाली, "मग आता बसा एकदा. म्हणजे खोटं तरी राहणार नाही."

पाळणेवाल्यापुढे पंपाकडे पाहिलं होतं, तसा पंप घरात नाही.

२० जाने.

प्रदर्शन हललं. गाड्या भरून अकोल्याला गेलं, त्यासोबत व. घर शांत. दोनदा खाकरल्यावर चहा मिळाला.

हे मला हवं होतं. हवं ते मिळाल्यावर माणूस काय करतो? सौ. उष्टी काढताना खिडकीतून रिकाम्या मैदानाकडे पाहत होती. खांदेसुद्धा हलत नव्हते.

२२ जाने.

सौ. म्हणाली, आईला भेटून फार दिवस झाले. आई अकोल्यात. दिवाळीत आईची आठवण नव्हती, हे मी बोललो नाही.

"जा की."

ट्रंक भरायला घेतली. मी म्हटलं, मीही येतो. कामच आहे.

"कसलं?"

"कापसाचे भाव."

"ते इथे कळत नाहीत?"

"अकोल्यात जास्त कळतात."

खांदे हलले. किंचित.

अकोला, २४ जाने.

सासूबाईंनी तो अंक गल्लीभर वाचून दाखवलाय. "जावईबापू, तुमी इतक्या उच्च्यावर गेले! मले तं इतं बसून घाम फुटला."

जेवणाच्या पंगतीला व. आला. घास घेता घेता म्हणाला, "काय जी भाऊजी, अमरावतीले तुमी कवा बसले पाळण्यात? मी तं तितंच होतो."

सगळी पंगत माझ्याकडे वळली. सौ. वाढत होती. भाताची मूद माझ्या पानात ठेवत, मान वर न करता म्हणाली, "तू वायर पाहून रायला होता. तुले काय दिसते?"

ही माझ्यासाठी खोटं बोलली. त्याच्याशी, त्यांच्या भाषेत. छाती भरून आली आणि त्याच घासाला ठसका लागला.

व. हसत होता. त्याला सगळं ठाऊक आहे. "मंग उद्या पुन्हा बसा," म्हणाला. "पाळणा तोच हाये. अनुभवी माणसाले काय भेव?"

२५ जाने.

बसलो.

पाळणा मोर्णा नदीच्या काठाशी उभा केलाय. पाळणेवाल्यानं मला ओळखलं. सौ.ला विचारलं, "आज बडे भाई के साथ?" सौ. म्हणाली, "आज नवऱ्यासोबत." त्यानं जीभ चावली आणि दांडा नेहमीपेक्षा जोरात लावला.

खाली मोटरीपाशी व., दिव्यांच्या पेटीला टेकून.

वर जाताना खरंच काही नाही. मग थबकला, कारण खाली माणसं बसवत होते. पाळणा पुढेमागे झुलायला लागला. सौ. म्हणाली, नदी बघा. मी दांडा पाहत होतो. दांड्याचा रंग हिरवा आहे, एका जागी उडालाय. बाकी अकोला शहर मी पाहिलेलं नाही.

मग खाली.

पुढचं लिहिता येणार नाही, कारण मी तिथे नव्हतो. पोट वर राहिलं असेल, सोबत मीही राहिलो. तोंडातून देवाचं नाव निघावं, तर धातूची रूपं निघाली, पाठशाळेत घोकलेली, सगळ्या पुरुषांत, सगळ्या वचनांत. चव वगैरे काही नाही. माझ्याच सिद्धांताच्या बाहेर पडलो होतो. दांडा मांडीवर होता, खूणगाठ कुठेच नव्हती.

ज्या हसण्यासाठी बसलो ते ऐकूच आलं नाही. शेजारी बसून.

उतरल्यावर पाय जमिनीशी ओळख करून घेईपर्यंत सौ. पाणी आणायला गेली. व.ला सहज विचारल्यासारखं केलं, "वरून कोणाचं हसणं ऐकू येत होतं का हो?"

त्यानं थट्टा केली नाही. केली असती तर बरं होतं. म्हणाला, "नाही भाऊजी. आज इंदू हासलीच नाही. सारं ध्यान तुमच्याकडे होतं तिचं. एका हातानं दांडा धरला आन् एका हातानं तुमचा सदरा."

२६ जाने.

सकाळपासून तेच डोक्यात. संपादकांना आता दुरुस्ती पाठवली तर छापणार नाहीत, म्हणून इथे. दांडा पुरत नाही. शेजारी न भिणारा माणूस लागतो. तो असला की आपल्याला पोटभर भिता येतं आणि मग हसू येतं. व.च्या शेजारी सौ. मोकळेपणी भ्याली. माझ्या शेजारी तिला भ्यायला सवडच मिळाली नाही. मलाच धरून बसली. म्हणजे वरही घरच.

आता हेवा कोणत्या गोष्टीचा करावा? त्यानं हसू ऐकलं. त्याचा सदरा मात्र कोणी धरला नाही. हा विचार सकाळी चांगला वाटत होता, दुपारी तितका वाटत नाही.

जेवणानंतर सौ. म्हणाली, "आज शेवटचा दिवस. उद्या पाळणा खोलतायत. जाऊया?"

"कोण कोण?"

"ते तुम्ही सांगा."

पुन्हा शेजारी बसलो तर तिचा हात माझ्या सदऱ्याला, आणि हसू नाही. खाली उभा राहिलो तर हसू, पण दुसऱ्याच्या शेजारचं. न भिता बसायला शिकायचं, तर एका संध्याकाळीत ते होईल असं माझ्या प्रकृतीकडे पाहून वाटत नाही.

व.ची सायकल खाली लागली. सासूबाई त्याला चहाला थांब म्हणतायत, तो नको म्हणतोय. सौ. वेणीफणी करून उंबऱ्याशी बसली आहे. हाक मारत नाही, उठतही नाही. मी लिहितोय म्हणून थांबली असेल. लिहिण्यासारखं तर केव्हाच संपलंय, तरी टाक दौतीत बुडवतोय, कारण वही मिटली की कोण कोण ते सांगावं लागेल.