आतली कडी

खासबाग, बेळगाव
८ सप्टेंबर २०२५

चि. वृषभ यास,
आक्काचा जय जिनेंद्र आणि अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. दशलक्षण पर्व परवा संपलं. मी दहा दिवस एकवेळच जेवले, पण वजनकाट्याला त्याचं काही कौतुक नाही. आप्पा निपाणीत एकटेच असले तरी रोज सकाळी बस्तीला दर्शनाला चालत जातात. तू तीन वर्षं माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचं असलं तरी आधी हातात घ्यावं लागेल.

तुझा गेम खेळले मी.

हसू नकोस. शाळेत आमच्या माधवी टीचर मोबाइलवर एक व्हिडिओ बघत होत्या. कुणीतरी भुताचा गेम खेळत होता आणि किंचाळत होता. त्या म्हणाल्या, "टीचर, ह्यातलं बोलणं तुमच्या निपाणीकडचं वाटतंय बघा." खाली बनवणाऱ्याचं नाव होतं, वृषभ बाबगोंडा पाटील. फुकट आहे, चौदा मिनिटांत संपतो, म्हणून काल दुपारी यांच्या लॅपटॉपवर लावला. मला चौदाच्या जागी चाळीस मिनिटं लागली. निम्मा वेळ मी छताकडे बघत होते आणि उरलेला वेळ भिंतीला नाक घासत होते. हे मागून म्हणाले, "अगं, माउस हलव, मान कशाला हलवतीस?"

आपलंच घर काढलंयस. फडताळ, पाट, खिडकीतून सरकणारं ऊन. पाणी गाळायचं, ताट वाढायचं आणि ऊन भिंतीवरून उतरायच्या आत जेवण उरकायचं. त्यात भुताची काय गरज? लहानपणी आपण रोज याच घाईत असायचो.

लोकांनी खाली लिहिलेलंही सगळं वाचलं. 'ग्राफिक्स साधे, आवाज जबरदस्त.' 'हेडफोन लावून खेळू नका.' एकानं लिहिलंय की नळाला बांधलेलं पांढरं फडकं हीच सगळ्यात भयंकर गोष्ट, कुणाचं तरी तोंड बांधल्यासारखं वाटतं. मला खदखदून हसू आलं. बाबा रे, पाणी गाळायचं फडकं ते! आपल्यात सगळ्यांच्याच नळाला असतं.

मग मागच्या खोलीतून आवाज आला. "पाणी."

तो आवाज कुठला आहे ते मला लगेच कळलं. तू होस्टेलला असताना आई मोबाइलवर बोलून पाठवायची, "पाणी पीत जा रं, उन्हाचं हिंडू नको." त्यातला एकच शब्द कापून घेतलायस. हे घाबरले नाहीत. त्यांना वाटलं, कुणी तरी बाई बोलली. मी मात्र माउस सोडून दिला. मी तीनदा खेळले. तिन्ही वेळा त्या दारापाशी गेले, तिन्ही वेळा दार उघडलं नाही आणि अंधार झाला.

कुणीतरी तुला विचारलंय, 'शेवटचं दार उघडत नाही, काही बिघाड आहे का?' तुझं उत्तर आहे, 'नाही. ते आतून लावलेलं आहे.'

म्हणजे त्या दुपारी तू दार ढकलून बघितलं होतंस. मला वाटायचं, तू आवाज ऐकलास आणि नुसताच निघून गेलास.

वृषभ, आईनं सल्लेखना स्वतःच्या तोंडानं मागून घेतली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते, मुनिमहाराजांनी तिला दोनदा विचारलं होतं, आप्पांनी रडत रडत हो म्हटलं होतं. आधी अन्न सुटलं, मग दूध, मग ताक, शेवटी पाणीही. पाणी सोडायच्या आदल्या दिवशी तिनं माझा हात धरला. "क्षमा, भान गेल्यावर मी मागीन गं. तरी देऊ नको. शब्द दे." मी शब्द दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेर सोप्यात सगळे णमोकार म्हणत होते. तू उंबऱ्याला टेकून बसला होतास. मी आत आईजवळ एकटी होते. ती म्हणाली, "पाणी." मग पुन्हा म्हणाली. मी उठून कडी लावली. तुला वाटतंय, तिला कुणी पाणी देऊ नये म्हणून लावली. तीन वर्षं तू मला तेवढ्यासाठी तोंड दाखवलं नाहीस ना?

मी पाणी द्यायला कडी लावली रे.

महाराजांसाठी उकळून ठेवलेलं पाणी होतं. दोन चमचे तिनं गिळले. तिसरा पुढे केला तेव्हा ओठ मिटून घेतले आणि माझ्याकडे बघितलं. तहान भागली म्हणून मिटले, की भान आलं आणि मी काय केलं ते तिला कळलं? त्या नजरेत राग होता का? एवढंच मला कळत नाही. पहाटे ती गेली. बस्तीत तिच्या नावाची, सल्लेखना पुरी केल्याची संगमरवरी पाटी आहे, आप्पा रोज सकाळी तिच्यावरून हात फिरवतात. मी कुणाला काय सांगणार? तिचं व्रत मोडलं म्हणून सांगण्यापेक्षा तू तुटलास ते सोसलं. पण तू गेली तीन वर्षं त्या दाराशीच उभा आहेस हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. निदान असं म्हणायला मला बरं वाटतंय.

आज सकाळी आप्पांचा फोन आला. काकांच्या अरिहंतनं त्यांना सांगितलंय. "वृषभनं आपलं घर केलंय म्हणं गेममध्ये. येत्या रविवारी लॅपटॉप घेऊन ये की. बघू तरी." मी व्हय म्हणून बसले. ते आईचा आवाज एका क्षणात ओळखतील. मग विचारतील, दार का उघडत न्हाय गं त्येचं? आणि यावेळी मला खोटं बोलवणार नाही. खरं बोलले तर त्या पाटीचं काय होईल, आप्पांचं काय होईल?

रविवारी निपाणीला ये. माझी बाजू घेऊ नकोस, नुसता आप्पांच्या शेजारी बस. आणि यायचं नसेल तर तेही कळव, म्हणजे मी वाट बघत सोप्यात बसणार नाही.

आज क्षमावाणी. सकाळपासून सगळ्यांना तेच लिहून पाठवतेय, 'वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी.' तुला तसं लिहवत नाही. नकळत मी काहीच केलं नाही. कडीही कळून लावली, पाणीही कळून दिलं, आणि तुझ्यापासून कळूनच लपवलं. त्यातलं चुकीचं कुठलं, ते मला अजून ठरवता येत नाही. तुला जे वाटेल त्याची क्षमा कर.

तुझी,
आतून कडी लावून बसलेली
आक्का